कोकिळाबाईंचं बाळ

दीपमालानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं काहीच दिसत नव्हतं.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरं किट, तोंडावर मास्कवर मास्क, आणि त्याच्या वर वाफ धरलेला चष्मा. माणूस आहे एवढं कळत होतं, तेही तो चालत होता म्हणून. हातात पोलिओच्या लसी नेतात तसला निळा डबा होता आणि तो डबा छातीशी धरून तो मोठ्या आत्मविश्वासानं औषधांच्या कोठीत शिरायला निघाला होता.

"ओ ब्रदर, तिकडे कुठं?" दीपमालानं दारातूनच हटकलं.

तो थांबला. "दूध आनलं, सिस्टर. कोविड वार्डातून. बाळांचा कक्ष कोनता?"

"तुमच्या नाकासमोर एवढी मोठी पाटी हाये."

"नाकासमोर सध्या वाफच हाये," तो म्हणाला. "पाटी असंन तिच्या मागं."

दीपमालाला हसू आलं. मास्क होता म्हणून निभावलं, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळी शिस्त पाण्यात गेली असती.

कोरोनाचं पहिलं वर्ष, भाद्रपद महिना. बाहेर पाऊस येऊन-जाऊन होता. यवतमाळच्या त्या मोठ्या रुग्णालयात समोरच्या इमारतीचे तीन मजले कोविडला दिले होते, आणि अलीकडच्या बैठ्या इमारतीत, काचेच्या दारामागे, दिवस भरण्याआधीच जगात आलेली बाळं ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली झोपलेली असायची. त्यातल्या काहींच्या आया तिकडे वरच्या मजल्यावर होत्या. बाळ इकडे, आई तिकडे, आणि मध्ये पावसानं चिखल झालेलं अंगण. डॉक्टरांनी ठरवलं की आईचं दूध काढून झाकणाच्या वाटीत भरायचं, डब्यात बर्फावर ठेवायचं आणि दर तीन तासांनी इकडे आणायचं. सकाळपाळीत ते आणण्याचं काम या वाफेतल्या ब्रदरकडे आलं होतं.

दीपमाला खोब्रागडे या कक्षात तीन वर्षांपासून परिचारिका. वय सव्वीस, गाव कळंब. दोन गोष्टींसाठी ती प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिचा चौकसपणा. लहानपणी कळंबला शेजारी पाहुणे उतरले की कोण, कुठले, किती दिवस राहणार, हे घरमालकाच्या आधी दीपमालाला ठाऊक असायचं. दुसरी गोष्ट म्हणजे नावं. नावाच्या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्याला कारण होतं. या कक्षातल्या बाळांना अजून नाव नसतं. जन्मल्या जन्मल्या एकाच नंबरचे दोन टॅग निघतात. एक बाळाच्या मनगटाला, दुसरा आईच्या. बाळाच्या टॅगवर त्याचं स्वतःचं काहीच नसतं, आईचं नाव असतं: कौसल्याचं बाळ, प्रेरणाचं बाळ. घरी जाताना दोन्ही नंबर जुळले तरच सोडायचं, नाहीतर प्रत्यक्ष आजी दारात बसून रडली तरी नाही. दूधही तसंच. वाटीवर चिकटपट्टी, पट्टीवर आईचं नाव. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं, मगच वाटी आत.

दाराबाहेर एक स्टीलचं टेबल होतं आणि त्यापासून सहा फुटांवर पांढऱ्या रंगानं काढलेलं वर्तुळ. ब्रदरनं डबा टेबलावर ठेवला, वर्तुळात जाऊन उभा राहिला. दीपमालानं पहिली वाटी उचलली.

"कौसल्या. पंधरा मिली."

"कौसल्या. पंधरा," तो म्हणाला.

"प्रेरणा. तीस."

"प्रेरणा. तीस."

सगळ्या वाट्या झाल्या. तो डबा घेऊन वळला तेव्हा त्याच्या पाठीवर निळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: इंद्रजित. किटमध्ये सगळे सारखेच दिसतात म्हणून कोविड वॉर्डात पाठीवर नावं लिहायची पद्धत होती.

"बारा वाजता वेळेवर या, इंद्रजित ब्रदर," तिनं मागून सांगितलं.

तो थबकला. वळून काहीतरी बोलला, पण दोन मास्कमधून ते बाहेर येईपर्यंत आत एका बाळाचं यंत्र वाजायला लागलं आणि दीपमाला पळाली. इथंच पहिली गाठ चुकीची बसली, पण ते कळायला तिला पुढं पंधरा दिवस लागणार होते.

तिसऱ्या दिवशी पावसाची जोरदार सर आली. तो भिजत अंगण ओलांडून आला. डबा त्यानं किटच्या आत पोटाशी धरल्यासारखा धरला होता, तरी झाकणातून पाणी गेलंच. एका वाटीवरच्या पट्टीची शाई पसरली होती.

"हे कोनतं नाव?" दीपमालानं विचारलं.

"कौसल्या. मी सोता लिहिलं."

"मले 'कौ' दिसून राह्यलं. पुढचं दिसत नाई."

"सिस्टर, वार्डात 'कौ'वाली एकच आई हाये."

"असंन. मी नाई घेनार."

त्याच्या किटच्या टोपीवरून पाणी निथळत होतं. दीपमालाला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती जास्तच चिडली. "हे पाहा ब्रदर, या दारातून चुकीचं नाव आत गेलं तं एका आईचं लेकरू दुसरीच्या घरी जाते. चुकीचं नाव लावून जो इथं येईन, मंग तो कोनी का असंना, त्याले मी जनमभर माफ करनार नाई."

त्यानं वाटी उचलली, पुन्हा अंगण ओलांडलं, तीन मजले चढला आणि पाऊण तासानं नवी पट्टी, नवं दूध घेऊन वर्तुळात येऊन उभा राहिला. "कौसल्या. अठरा," दीपमालानं वाचलं. "कौसल्या. अठरा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. ते तिला दिवसभर आठवत राहिलं.

चौथ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले.

"सिस्टर, कौसल्या विचारते... पोरीले केस किती हायेत?"

कौसल्या मारेगावकडची, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात बाळंत झाली ती तापातच. बाळ काढून लगेच इकडे आणलं, तिला ऑक्सिजनवर वर नेलं. तिनं आपली लेक पाहिलीच नव्हती. दीपमालाला त्या लेकीचं वजन ठाऊक होतं, साखर ठाऊक होती, दर तासाचं तापमान तोंडपाठ होतं. केस मात्र तिनं पाहिले नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. आत गेली, टोपी वर केली, पाहून आली. "भरपूर हायेत. पन सगळे मागं. समोरून म्हातारा, मागून पोरगी."

चष्म्यामागे त्याचे डोळे बारीक झाले. म्हणजे तो हसत होता. त्या दिवशी वाफ कमी होती आणि दीपमालाला पहिल्यांदा दिसलं की त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे, जुन्या खोकेची रेघ असते तशी. बरं, ही खोक कशानं पडली असेल? झाडावरून पडून? भांडणात? दुपारी बाळांना वाटी-चमच्यानं दूध पाजताना ती मनातल्या मनात त्याला तीन वेगवेगळ्या झाडांवरून पाडत होती.

"कौसल्या विचारते, रडतांनी आवाज कसा येते?"

"बंद पडलेल्या स्कुटीवानी. दोन किका मारते अन् गप होते."

"कौसल्या विचारते, बोटं कशी हायेत?"

"लांब. माह्यं बोट धरलं तं सोडत नाई. आज मी एकाच हातानं तिची टोपी घातली."

"कौसल्या विचारते, कान?"

"एक कान जरासा दुमडला हाये. डावा. होईन सरळ."

हळूहळू दीपमाला बाळांकडे निराळ्या डोळ्यांनी पाहायला लागली. पूर्वी ती आकडे पाहायची, आता जांभई पाहायची. नऊच्या दुधाला काय सांगायचं ते आठपासून शोधून ठेवायची. आणि एक दिवस, वाट्या वाचून झाल्यावर, वर्तुळातून प्रश्न आला:

"कौसल्या विचारते... सिस्टर जेवल्या का?"

दीपमालाचा हात वाटीवरच राहिला. "कौसल्यानं विचारलं?"

"लय विचारते ती."

"सांगा तिले, जेवली. पालक होती."

बारा वाजता उत्तराला उत्तर आलं. "कौसल्या म्हनते, पालक आवडत नसंन तं काहून खाल्ली?"

"आवडत नाई असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाई. पन 'पालक' म्हनतांनी तुमचे डोळे पाह्यले ना मी... म्हंजे, कौसल्यानं पाह्यले."

"तिसऱ्या मजल्यावरून?"

"नजर लय तेज हाये तिची."

आता मास्कमागे हसू दाबून ठेवणं कठीण झालं होतं. रात्री खोलीवर कपडे वाळत घालताना दीपमालानं ते सगळं रुपालीला सांगितलं. रुपाली तिच्याच कक्षात दुपारपाळीला होती, दोघी एका खोलीत राहायच्या आणि एकमेकींपासून काही लपवायच्या नाहीत, कारण लपत नसे.

"इंद्रजित?" रुपालीनं चिमटा तोंडातून काढला. "मारेगावचा? अवं, तो आमच्या नर्सिंग कॉलेजात होता. दिसाले बरा हाये, अन् ते त्याले माहीत हाये. दीपे, त्याच्या मोबाईलमधी नुसत्या सिस्टरच सिस्टर. मी त्याले दोन वर्षं झाले पाह्यलं नाई, पन असा मानूस दोन वर्षांत सुधरते का?"

दीपमालाचा चेहरा उतरला. पण तिचा चौकस स्वभाव उतरला नाही. पावसात भिजत तीन मजले परत चढणारा, आवाज न चढवणारा हा माणूस आणि रुपाली सांगते तो, हे दोन एका पोशाखात बसत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनं डाव टाकला.

"कौसल्याले म्हना, सिस्टर विचारते... दूध आननाऱ्या ब्रदरचं गाव कोनतं?"

तो म्हणाला, "महागाव तालुका. रोडपासून आत आमचा तांडा हाये. आता सोयाबीन कापनीले आली असंन."

मारेगाव कुठं आणि महागाव कुठं, जिल्ह्याची दोन टोकं. दीपमाला त्याच्याकडे पाहत राहिली. खोटं बोलणारा माणूस सोयाबीनची आठवण एवढ्या मायेनं काढत नाही. मग रुपाली चुकत होती की हा फसवत होता? दोन दिवस तिनं त्याच्याशी वाट्यांपलीकडे एक अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ही शिक्षा आपल्यालाच झाल्यासारखं तिला वाटायला लागलं, आणि ती आपणहून म्हणाली, "कौसल्याले सांगा, पोरगी आज झोपीत हसली."

"सांगतो," तो म्हणाला. एवढं हळू म्हणाला की तिला पुढचं काही विचारताच आलं नाही.

चौदाव्या दिवशी बाराच्या फेरीला तो आला तेव्हा डबा ठेवून लगेच वर्तुळात गेला नाही. टेबलाशीच घुटमळला.

"सिस्टर, एक सांगाचं होतं... एक नाव चुकीचं हाये."

"कोनत्या वाटीवर?" तिनं सगळ्या वाट्या बाहेर काढल्या. "कौसल्या बरोबर हाये. प्रेरणा... बरोबर. कोनतं चुकलं ब्रदर?"

"वाटीवर नाई. ते..."

आतून यंत्राची घंटा वाजली. कौसल्याची पोरगी श्वास घ्यायला विसरली होती. या बाळांना ती खोड असते. दीपमालानं धावत जाऊन तिच्या तळपायावर बोटानं टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन... आणि त्या एवढ्याशा छातीनं हुंकार भरला. रंग परत येईपर्यंत, डॉक्टर पाहून जाईपर्यंत अर्धा तास गेला. ती बाहेर आली तेव्हा वर्तुळ रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता डबा आला. वर्तुळात न जाता आणणारा टेबलाला टेकून उभा राहिला. पाठीवर निळ्या अक्षरात इंद्रजित.

"कौसल्या. पंचवीस," दीपमालानं वाचलं.

"घ्या ना सिस्टर, बरोबरच हाये सगळं."

तिनं मान वर केली. दोन्ही भुवया शाबूत होत्या. "कौसल्यानं आज काय विचारलं?"

"कोन कौसल्या? मी कालच रुजू झालो. सतरा दिवस मीच पॉझिटिव्ह होतो."

"मंग इतके दिवस हे नाव लावून कोन येत होतं?"

"असं होय," इंद्रजित हसला. "माह्या नावाचे किट लिहून पडले होते. मोठ्या सिस्टर म्हनल्या, किटचा तुटवडा हाये, फेकता कायले, त्या नव्या कंत्राटी पोराले घालू द्या. गेला तो काल क्वारंटाईनमधी. नाव काय बाप्पा त्याचं... राह्यलं इचारायचं."

दीपमालानं उरलेल्या वाट्या वाचल्या, आत नेल्या, पाजल्या. चौदा दिवस तिनं एकूण एक वाटी दोनदा वाचली होती. एक चूक नव्हती. आणि जो माणूस त्या वाट्या घेऊन यायचा, त्याच्यावरचंच नाव चुकीचं. त्यानं ते तिला चौदा दिवस म्हणू दिलं. इंद्रजित ब्रदर, इंद्रजित ब्रदर... मनातल्या मनात हसला असेल.

त्याचं नाव कळणं काही अवघड नव्हतं. एका फोनचं काम होतं. पण माझं अडलंय खेटर, असं म्हणून तिनं तो फोन केला नाही. ज्या मुलीला शेजारच्या पाहुण्यांची सात पिढ्यांची माहिती लागायची तिनं एक नाव विचारलं नाही, यावरून रुपालीनं काय ते ओळखलं आणि त्या आठवड्यात तिला चिडवायचंही सोडून दिलं.

खरं सांगायचं तर दीपमालाला तो हवा होता. नऊ वाजले की कान दाराकडे लागायचे. पोरीचा दुमडलेला कान सरळ झाला, तर ते सांगायला कोणी नव्हतं. ती उत्तरं शोधून ठेवत होती आणि प्रश्न विचारणारं माणूस नव्हतं. रागही खरा होता आणि आठवणही खरी होती, आणि दोन्ही एकाच जागी दुखत होती.

सहाव्या दिवशी कौसल्या आली. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. चाकाच्या खुर्चीत बसलेली, वाळून काटकी झालेली, बावीस वर्षांची. दीपमालानं तिचा टॅग पाहिला, पोरीचा पाहिला, दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले, आणि मग ते दीड किलोचं गाठोडं पदराखाली तिच्या छातीवर ठेवलं.

कौसल्या रडली नाही. तिनं टोपी वर केली, पोरीचं डोकं हलकेच वळवलं आणि म्हणाली, "हाव. समोरून म्हातारा, मागून पोरगी."

दीपमाला हसली. "तुमीच तं इचारलं होतं."

"मी?"

"केस किती, कान कसे, रडते कशी... रोज तुमचे प्रश्न यायचे ना ब्रदरसंगं."

कौसल्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, मी कुठं इचारू? माह्यानं बोलनं होत नव्हतं. तोंडावर तो मास्क अन् दम असा लागे... दहा-बारा दिवस माह्या तोंडातून शब्द निघाला नाई. मले तं वाटलं होतं, पोरगी गेली असंन, हे लोक सांगून नाई राह्यले. मंग ते ब्रदर येत. खाटेपाशी उभे राहून सांगत... आज तिनं सिस्टरचं बोट धरलं. आज स्कुटीवानी रडली. मी डोळे मिटून आयकत जाये. ते आयकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत जगावंसं वाटे."

"म्हंजे ते सगळे प्रश्न..."

"कोनते प्रश्न?" कौसल्यानं निरागसपणे विचारलं.

दीपमालानं तोंड फिरवलं. कौसल्याला विचारता न येणारे प्रश्न तो स्वतःच विचारत होता. उत्तरं तीन मजले वर नेत होता. एका मुक्या आईच्या नावानं त्यानं दीपमालाकडून त्या आईची लेक रोज थोडी थोडी मागून नेली होती. तोंडावरच्या फेसशील्डच्या काचेआड डोळे पुसता येत नाहीत, तेव्हा ते तसेच वाहू दिले.

"त्यांचं नाव काय होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"त्यायनं मले पयल्याच दिवशी सांगतलं ना. मी उत्तमसिंग राठोड, तुमचं दूध मी नेईन, नाव चुकनार नाई. खाली एक सिस्टर हायेत, त्या दोनदा वाचतेत." कौसल्यानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्याबद्दल लय सांगत. तुमाले पालक आवडत नाई ना?"

दोन दिवसांनी, शुक्रवारी बाराला पाच कमी असताना, दीपमाला रिकाम्या वाट्या ठेवायला बाहेर आली तर वर्तुळात कोणीतरी उभं होतं. किट नव्हतं. निळा शर्ट, खांद्याला बॅग, साधा कापडी मास्क. आणि डावी भुवई मधोमध तुटलेली.

"दूध नाई आनलं," तो म्हणाला. "मी फक्त... नाव दुरुस्त कराले आलो. महागावच्या कोविड सेंटरची ऑर्डर निघाली. तीनची गाडी हाये."

"माह्यी पाळी दोनले संपते," दीपमाला म्हणाली. "अंगनात कडुनिंबाखाली उभे राहा. अन् सहा फूट."

दोन तास तिनं कसे काढले ते बाळांना ठाऊक. दोन वाजता ती अंगणात गेली. पाऊस उघडला होता, पण झाडावरून थेंब पडतच होते. तो भिजत उभा होता. दोन पावलं बाजूला कोरडी जागा होती, पण तिथं उभं राहिलं तर सहा फूट भरले नसते.

"उत्तमसिंग राठोड," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "पयल्या दिवशी सांगत होतो, तुमी पळाल्या. तिसऱ्या दिवशी सांगनार, तं तुमी म्हटलं, चुकीचं नाव लावून जो येईन त्याले जनमभर माफी नाई. मंग हिंमत होये ना. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तुमी म्हना... कान दुमडला हाये. मंग वाटे, आजचा दिवस राहू दे. आज सांगतलं तं उद्या या कानाचं कोन सांगन?"

"अन् कौसल्याचे प्रश्न?"

"ते तुमाले कळलं?" तो पहिल्यांदा खरोखर घाबरला. "आधी तिच्याचसाठी होते, सिस्टर. तिच्या डोळ्यात दिसे, तिले काय पाह्यजे ते. मंग अर्धे तिच्यासाठी होते. अन् जेवल्या का, तो..." तो अडखळला, "तो सगळा माह्या होता. सगळाच. तुमी मले आवडता. हे नावासारखं राहून जाऊ नये म्हनून सांगाले आलो. तुमी रागावल्या असान तं मी निंगतो."

एवढं सरळ कोणी तिच्याशी कधी बोललं नव्हतं. रागाचे जे शब्द तिनं आठ दिवस जमवले होते, ते तिनं तसेच राहू दिले.

"मास्क काढा," ती म्हणाली.

"अं?"

"हवा मोकळी हाये, सहा फूट हायेत. वीस-बावीस दिवस झाले, मले तुमचं तोंड माहीत नाई."

त्यानं मास्क काढला. तिनं कल्पनेत रंगवलेल्या चेहऱ्यापैकी तो एकही नव्हता. मिशी होती. मिशीचा विचारच तिनं केला नव्हता. पुढचा एक दात दुसऱ्यावर जरा चढलेला, गालावर मास्कचे वळ. ती पाहतच राहिली, आणि मग एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आता हा चेहरा सोडून दुसरा कुठलाही चालणार नाही.

"भुवई कशानं तुटली?"

"बैलगाडीच्या चाकानं. सहा वर्षांचा होतो."

"मी झाडं धरून बसली होती," ती म्हणाली, आणि खिशातून बाळांच्या टॅगची एक जोडी काढली. प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, दोन्हींवर एकच नंबर. पेनाचं टोपण तिनं दातानं काढलं.

"आईचं नाव सांगा."

"माह्यं नाव तं आता माहीत झालं ना?"

"आमच्या कक्षात कोनाच्या टॅगवर सोताचं नाव नसते. आईचं असते. तुमच्यावर तं आता मी अजिबात भरोसा ठेवनार नाई."

"कोकिळाबाई," तो म्हणाला.

तिनं दोन्ही पट्ट्यांवर लिहिलं, एक पट्टी दोन्ही हातांनी समोर धरली आणि नेहमीच्या आवाजात वाचली, "कोकिळाबाईंचं बाळ."

"कोकिळाबाईंचं बाळ," त्यानं परत म्हटलं.

सहा फूट तिनंच ओलांडले, हाताला सॅनिटायझर लावून. त्याच्या मनगटाला पट्टी बांधली, कडी दाबून बसवली. त्याची नाडी तिच्या बोटाखाली धावत होती. ती मोजायची सवय असून तिनं मोजली नाही.

"अन् जोडीचा दुसरा?" त्यानं विचारलं.

तिनं आपला हात पुढं केला. त्यानं पट्टी बांधायला घेतली, दोनदा सटकली, तिसऱ्यांदा बसली.

"याडीले... माह्या आईले काय सांगू?" तो म्हणाला. "आमच्या बंजाऱ्यांच्या घरी भिंतीवर सेवालाल महाराज हायेत."

"आमच्या घरी बाबासाहेब. माह्यी आईपन प्रश्न विचारल्याबिगर राहनार नाई."

"भिंत मोठी घेऊ."

"आधी गाडी पाहा, तीनची हाये," ती म्हणाली. पण मनगट तिनं सोडलं नव्हतं. "अन् ऐका. आमच्या इथं दोन्ही नंबर जुळल्याशिवाय कोनाले घरी नेऊ देत नाई. तो कापू नका. परत आल्यावर मी तपासनार हाये."

"कधी येऊ?"

"कौसल्याले विचारून सांगते."

तो हसत गेला. फाटकापाशी वळून त्यानं हात वर केला, आणि एवढ्या लांबून ती पांढरी पट्टी तिला स्पष्ट दिसली.

पाळी बदलल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली तिच्यासोबतच कामाला आली. हात धुताना तिनं दीपमालाचं मनगट धरलं आणि टॅग उलटा करून वाचला.

"हे कोकिळाबाईंचं बाळ कोन? अशी आई तं आपल्याकडे दाखल नाई."

"नाई," दीपमाला म्हणाली. "महागावले हाये. वजन चांगलं हाये, दूध पेते, खोटं एकदाच बोललं."

"पोरगी हाये?"

"पोरगा," दीपमालानं चूक दुरुस्त केली, आणि नऊच्या दुधाच्या वाट्या घ्यायला ती दाराशी गेली.